मुंबईत स्वतःचं छोटं विमान: आधी हँगर, मग विमान

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. राहणं मुलुंडला, फौंड्री कोल्हापूरला गोकुळ शिरगाव एमआयडीसीत, वय ४६. पीपीएल (खासगी पायलटचं लायसन्स) हातात आहे, एकूण उड्डाण सत्तरेक तासांचं. महिन्यातून तीन-चार वेळा कोल्हापूर गाठावं लागतं. वापरलेलं सेस्ना १७२, म्हणजे चार खुर्च्यांचं एकइंजिनी विमान, घेतलं तर परवडेल का, जुहूला ठेवता येईल का, परदेशातून आणावं की इथलंच घ्यावं?

बहुतेक लोक विमानापासून सुरुवात करतात: कुठलं मॉडेल, किती तास झालेलं, ग्लास कॉकपिट आहे का. मुंबईकराने उलट्या टोकाने सुरुवात करावी. विमान रात्री कुठे उभं राहणार याचं लेखी उत्तर हातात आल्याशिवाय एक रुपयाही टोकन देऊ नका. मुंबईत हे उत्तरच सगळ्यात अवघड आहे आणि बाकीचा सगळा हिशेब त्याच्यावर उभा आहे.

जुहूची धावपट्टी ही अडचण नाही. ०८/२६ (हे पट्टीच्या दिशेचे आकडे) ही पट्टी साधारण ११४० मीटरची आहे. समुद्रसपाटीला, १५ अंश तापमानात, पूर्ण वजनाच्या १७२ एस ला (हे १७२ चंच एक मॉडेल) ५० फुटी अडथळा पार करून वर जायला सुमारे ५०० मीटर लागतात. मुंबईच्या उकाड्यात त्यात शंभरेक मीटरची भर धरा. तरी भरपूर उरते. अडचण आहे ती जागेची आणि आकाशाची. १९२८ साली सुरू झालेला हा विमानतळ, जिथे १९३२ च्या ऑक्टोबरात जे. आर. डी. टाटा कराचीहून टपाल घेऊन उतरले, तो आज मुख्यतः हेलिकॉप्टरांचा आहे. ओएनजीसीच्या समुद्रातल्या कामाची हेलिकॉप्टरं इथूनच जातात. हँगर जुन्या भाडेकरूंकडे आहेत, स्थिर पंखांच्या छोट्या विमानाला आत जागा मिळणं दुर्मीळ. शिवाय जुहू दिवसाउजेडी चालतं आणि सांताक्रूझची, म्हणजे मुंबईच्या मोठ्या विमानतळाची, मुख्य पट्टी जेमतेम दोन-तीन किलोमीटरवर आहे. दोन्ही पट्ट्यांची दिशाही जवळजवळ एकच. १९७२ मध्ये जपान एअरलाइन्सचं डीसी-८ सांताक्रूझ समजून जुहूला उतरलं होतं, यावरून ही जवळीक लक्षात येईल. त्यामुळे निघताना आणि येताना सांताक्रूझच्या रहदारीत फट मिळेपर्यंत थांबावं लागतं. ते थांबणं हिशेबात धरलंच पाहिजे.

सांताक्रूझला खासगी पिस्टन विमान कायमचं ठेवण्याचा विचार सोडून द्या. नवी मुंबईचा विमानतळ २०२५ च्या डिसेंबरात सुरू झाला, मुलुंडहून ऐरोलीमार्गे तो सोयीचाही आहे. पण छोट्या विमानाला तिथे कायमची जागा मिळेल हे लेखी आल्याशिवाय त्याच्या भरवशावर सौदा करू नका.

मग लोक म्हणतात, बारामतीला ठेवू. तिथे फ्लाइंग स्कूल आहेत, एएमई (विमानाच्या देखभालीचे लायसन्सवाले इंजिनिअर) आहेत, हवाही बरी आहे. पण मुलुंडहून बारामती गाडीने साडेचार-पाच तास, आणि गाडीने थेट कोल्हापूर सात-आठ तास. अर्ध्याहून जास्त रस्ता कापून मग विमानात बसण्यात काय हशील? हवाई प्रवासाने वाचवलेला वेळ तिथे पोचेपर्यंतच संपलेला असतो.

आता जुहूला जागा मिळाली असं गृहीत धरून दिवसाचं गणित मांडू. जुहू ते कोल्हापूर सरळ रेषेत १७० नॉटिकल मैलांच्या आसपास. १७२ चा वेग ११५ ते १२० नॉट, म्हणजे ताशी तितके नॉटिकल मैल. चढण, वळसा आणि उतरण धरून पावणेदोन तास. मुलुंडहून जुहू जेव्हीएलआरने (जोगेश्वरी-विक्रोळी लिंक रोड) सव्वा तास. फ्लाइट प्लॅन, एफआयसी आणि एडीसी हे परवानगीचे क्रमांक, विमानाची तपासणी, इंधनातलं पाणी पाहणं यात पाऊण तास. हिवाळ्यात सकाळचं धुरकं इतकं असतं की व्हीएफआरला, म्हणजे बाहेर बघून करायच्या उड्डाणाला, लागणारी ५ किलोमीटर दृश्यता साडेआठ-नऊपर्यंत मिळत नाही. म्हणजे नऊला उड्डाण, पावणेअकराला उजळाईवाडी, म्हणजे कोल्हापूरचा विमानतळ. विमानतळ फौंड्रीच्या दारातच आहे, हा तुमचा मोठा फायदा. पण डिसेंबरात मुंबईचा सूर्यास्त सहाच्या सुमारास. अर्धा-पाऊण तासाची मोकळीक ठेवली तर साडेतीनला कोल्हापूर सोडायला हवं. हातात कामाचे चार-साडेचार तास राहतात. रात्रीच्या महालक्ष्मी एक्स्प्रेसने गेलं तर सकाळी कोल्हापुरात उतरून अख्खा दिवस मिळतो. विमानाचा फायदा त्याच दिवशी घरी परतण्याचा आहे, आणि तोही फक्त हवा साथ देईल त्या दिवशी.

हवा किती दिवस साथ देईल? जूनच्या पहिल्या-दुसऱ्या आठवड्यापासून सप्टेंबरअखेरपर्यंत मुंबई-कोल्हापूर मार्ग एकइंजिनी व्हीएफआर विमानाला बंद समजा. सह्याद्रीवर ढग माथ्याला टेकलेले असतात. कोकणातून वर चढायला ढगाखाली जागा नसते आणि ढगातून जाण्याचं विमानही नाही, रेटिंगही नाही. इन्स्ट्रुमेंट रेटिंग (बाहेर न बघता उपकरणांवर उडण्याची पात्रता) जरूर करा, ते तुमचा जीव वाचवू शकतं, पण त्याने १७२ हे पावसाळी विमान होत नाही. क्युम्युलोनिंबसच्या, म्हणजे गडगडाटी वादळी ढगाच्या, आत या वजनाच्या विमानाला जागा नाही. मे महिन्यात दुपारनंतर घाटावर वळवाचे ढग उभे राहतात, तेव्हा परतीचा बेत सकाळचाच हवा. हे सगळं वजा करता वर्षात आठ महिने, त्यातही ठरवलेल्या चार फेऱ्यांपैकी तीन होतील असं धरा. आठ महिन्यांत चोवीस फेऱ्या, प्रत्येकी साडेतीन तास, म्हणजे ८४ तास. हा आकडा आशावादी आहे. व्यवसाय सांभाळणाऱ्या माणसाने ५० ते ६० वर हिशेब करावा.

सगळ्यात धोक्याचा क्षण कोल्हापूरच्या एप्रनवर (विमानं उभी करायच्या जागेवर) दुपारी साडेतीनला येतो. मुंबईची दृश्यता घसरतेय, घाटावर ढग जमतायत, आणि उद्या सकाळी बँकेत बैठक आहे. घरी पोचायचंच या हट्टापायी जगभरात कितीतरी छोटी विमानं पडली आहेत. प्रत्येक फेरीला कोल्हापुरातली मुक्कामाची सोय आणि रात्रीच्या गाडीचं तिकीट यांचा खर्च विमानाच्या खर्चातच धरा. मग न उडण्याचा निर्णय स्वस्त वाटतो.

वजनाचं गणित लोकांना नेहमी चकवतं. १७२ एस मध्ये चार खुर्च्या आहेत, चार माणसं नाहीत. रिकाम्या वजनावर साधारण ३९५ किलो घेता येतं. टाक्या भरल्या की वापरता येणारं इंधन २०० लिटर, ०.७२ घनतेने १४४ किलो. उरले २५० किलो: तीन मोठी माणसं आणि एक बॅग. कोल्हापूर समुद्रसपाटीपासून सुमारे २००० फुटांवर आहे. एप्रिलच्या दुपारी ३८ अंशाला तिथली डेन्सिटी अल्टिट्यूड, म्हणजे हवेच्या विरळपणानुसार जाणवणारी उंची, ५२०० फुटांच्या घरात जाते. इंजिनाला आणि पंखांना ती हवा विरळच लागते. धावपट्टी लांब आहे म्हणून उड्डाण होईल, पण चढण मंद होईल आणि पुढे डोंगर आहेत. इंधन ताशी ३४-३५ लिटर धरलं, तर जाऊन-येऊन आणि ४५ मिनिटांचा राखीव साठा मिळून दीडशे लिटर पुरतात. परतीचं इंधन जुहूहूनच घेऊन जा; तिकडे मिळेल या आशेवर निघू नका.

कारण एव्हगॅस १०० एलएल, हे पिस्टन इंजिनाच्या विमानांचं पेट्रोल, प्रत्येक विमानतळावर मिळत नाही. बऱ्याच ठिकाणी ते २०० लिटरच्या बॅरलमध्ये येतं. इंडियन ऑइलने २०२२ मध्ये वडोदऱ्याच्या रिफायनरीत उत्पादन सुरू केलं, त्याआधी सगळंच आयात होतं. बॅरल घेताना बॅचचं टेस्ट सर्टिफिकेट पाहा, सील तपासा, फिल्टरमधूनच भरा, आणि नंतर विमानाचे सगळे ड्रेन तपासा. १७२ एस ला ते १३ आहेत. दमट हवेत रोज तेराही. पंपावरचं पेट्रोल घालू का, असं कोणीतरी विचारतंच. नाही. इथेनॉल इंधनयंत्रणेतल्या रबराला आणि सीलना खातं, आणि या इंजिनाला त्याची मंजुरी नाही. हलक्या विमानांच्या रोटॅक्स ९१२ इंजिनांना पंपावरचं पेट्रोल चालतं, पण १० टक्के इथेनॉलपर्यंतच. आपल्या पंपांवर आता २० टक्के असतं. इंधनाचा प्रश्न खरोखर सोडवायचा असेल तर डायमंड डीए४० एनजी पाहा. त्याचं इंजिन जेट ए-१ वर, म्हणजे एअरलाइनच्या विमानांच्या इंधनावर, चालतं, ताशी २० ते २५ लिटरमध्ये भागतं, आणि जेट ए-१ एअरलाइन जाते तिथे सहसा मिळतं. मात्र त्या इंजिनाचं काम करणारी संस्था किती लांब आहे, हे आधी विचारा.

आता पैसे. खरेदीची किंमत लोकांच्या तोंडपाठ असते, वार्षिक खर्च नसतो. दोन खाती करा. पहिल्यात न उडताही जाणारे पैसे: हँगर, विमा, कॅमो संस्थेचं (देखभालीचे कागद सांभाळणारी मान्यताप्राप्त संस्था) काम आणि दरवर्षीचं एआरसी (विमान उडण्यायोग्य असल्याच्या तपासणीचं सर्टिफिकेट), एएमईचा करार, नॅव्हिगेशनचा डेटाबेस, विमानतळाचे पास, वयानुसार बदलायच्या वस्तू. दुसऱ्यात तासाला जाणारे: इंधन, तेल, लँडिंग, ५० तासांचं ऑइल चेंज, १०० तासांचं इन्स्पेक्शन, इंजिनाचा राखीव निधी.

हा शेवटचा आकडा जवळजवळ प्रत्येकजण चुकवतो. १७२ एस च्या लायकमिंग आयओ-३६० इंजिनाच्या ओव्हरहॉलची (पूर्ण उघडून नव्याने बांधण्याची) मर्यादा २००० तास *किंवा* १२ वर्षं, जे आधी येईल ते. वर्षाला ६० तास उडवलं तर १२ वर्षांत ७२० तास होतात. म्हणजे ओव्हरहॉलच्या खर्चाला २००० ने नाही, ७२० ने भागायचं. तासाचा राखीव निधी पावणेतीनपट होतो. प्रोपेलरचंही तसंच, त्याला स्वतःची वर्षांची मर्यादा आहे. सिरस एसआर२२ या विमानाला अख्खं खाली उतरवणाऱ्या पॅराशूटला दर १० वर्षांनी नवं पॅकिंग लागतं, उडा किंवा उडू नका.

उदाहरणापुरते आकडे घेऊ. तुमची कोटेशन आली की तीच भरा. स्थिर खर्च वर्षाला २४ लाख, तासाचा खर्च १५ हजार. ६० तास उडलात तर एक तास ५५ हजारांना पडतो, १५० तास उडलात तर ३१ हजारांना. तेच विमान फ्लाइंग क्लबकडून तासाला २० हजारांनी मिळत असेल, तर २४ लाखांना फरकाच्या ५ हजारांनी भागा: ४८० तास. वर्षाला त्याहून कमी उडणाऱ्याला भाड्याचं विमान स्वस्त. आणि यात गुंतवलेल्या भांडवलाचं व्याज धरलेलंच नाही. भाडं जरा वाढवून किंवा स्थिर खर्च निम्मा करून पाहा, तरी ६० तासांवर मालकी जिंकत नाही. ती घ्यायची असेल तर पैसे वाचतील म्हणून घेऊ नका. आपलं विमान आपल्या वेळेला, आपल्या माहितीतल्या अवस्थेत हवं, यासाठी घ्या. ते कारण खरं आहे आणि पुरेसंही असू शकतं.

करांच्या बाबतीत २२ सप्टेंबर २०२५ पासून चित्र बदललं आहे. वैयक्तिक वापराच्या विमानावर आता ४० टक्के जीएसटी आहे, आयातीवर तोच आयजीएसटी म्हणून लागतो. विमान, वाहतूक आणि विमा मिळून दीड कोटी मूल्य झालं तर नुसता आयजीएसटी किमान ६० लाख, सीमाशुल्क वेगळं. कंपनीच्या नावावर घेतलं की क्रेडिट (भरलेल्या जीएसटीची वजावट) मिळेल हा समज चुकीचा आहे. जीएसटी कायद्याच्या कलम १७(५) नुसार विमानाचं क्रेडिट प्रवासी-वाहतूक, मालवाहतूक, प्रशिक्षण किंवा पुढे पुरवठा यांसाठीच मिळतं. नाहीतर विमा आणि दुरुस्तीवरचं क्रेडिटही अडतं. वर्गीकरणाबद्दल कस्टम ब्रोकरचं लेखी मत घ्या, तोंडी नको. आणि ओळखीच्यांना पैसे घेऊन नेऊन खर्च भागवण्याचा विचार असेल तर तो आत्ताच काढून टाका. खासगी नोंदणीच्या विमानाला भाडं घेता येत नाही. त्याला एनएसओपी (चार्टर कंपनीचा परवाना) लागतं. तसं उड्डाण करताना अपघात झाला तर विमा कंपनी हात वर करेल.

परदेशातून की इथलं? तुमच्यासारख्या पहिल्या खरेदीला माझा कल आधीपासून व्हीटी, म्हणजे भारतीय, नोंदणी असलेल्या विमानाकडे आहे. अमेरिकेतून आणायचं तर तिथलं डीरजिस्ट्रेशन, एक्सपोर्ट सर्टिफिकेट, इथली आयातीची परवानगी, विमानाच्या वयाची अट, पंख काढून कंटेनरमध्ये भरणं, इथे मान्यताप्राप्त संस्थेकडून जोडणी आणि रिगिंग (पंख-कंट्रोल जुळवणं), रेडिओचा परवाना, मग डीजीसीएची (नागरी विमान वाहतुकीची नियामक संस्था) तपासणी. प्रत्येक पायरीला कागद अडतो. आणि कंटेनर बंदरात अडला तर खाऱ्या हवेत विमान उभं राहतं.

इथलं घेताना मात्र एक सापळा आहे. फ्लाइंग स्कूल किंवा चार्टर कंपनीने सवलतीच्या शुल्कात आयात केलेलं विमान खासगी वापरात आलं की वाचवलेलं शुल्क भरण्याची वेळ येऊ शकते. मूळ बिल ऑफ एंट्री (आयातीचा कस्टमचा कागद) आणि त्यासोबतचं हमीपत्र मागा. विकणारा ते दाखवायला टाळाटाळ करत असेल तर तिथेच थांबा.

तपासणी विकणाऱ्याच्या नाही, आपल्या एएमईकडून. पिस्टन विमानाला बी१.२ लायसन्सवाला आणि त्या प्रकारावर काम केलेला. लॉगबुकं पहिल्या दिवसापासूनची हवीत. एक वही हरवली असेल तर विमान अर्ध्या किमतीचं समजा. प्रोपेलर कधी कशाला लागला होता का, आणि लागला असेल तर इंजिन उघडून पाहिल्याची नोंद आहे का, हे शोधा. फ्लाइंग स्कूलमध्ये वापरलेल्या १७२ चं पुढचं चाक आणि फायरवॉल (इंजिन आणि केबिनमधली भिंत) नीट पाहा. नाकावर आपटलेल्या लँडिंगच्या सुरकुत्या तिथे उमटतात. सीट-रेलची एअरवर्दीनेस डायरेक्टिव्ह (सक्तीची सुरक्षा-सूचना), २०११-१०-०९, वेळेवर झाली आहे का पाहा. उड्डाणाच्या वेळी सीट मागे घसरली तर पायलट कंट्रोल धरूनच मागे जातो आणि नाक वर उचललं जातं. कॉम्प्रेशन टेस्टमध्ये ८० पैकी ६० च्या खाली गेलेला सिलिंडर उतरवायचा. बोरस्कोपने (आत घालायच्या बारीक कॅमेऱ्याने) व्हॉल्व्ह पाहा, ऑइल फिल्टर कापून उलगडा आणि चुंबकाने कण तपासा.

ते कण मुंबईत सगळ्यात महत्त्वाचे. लायकमिंगमध्ये कॅमशाफ्ट क्रँकशाफ्टच्या वर बसतो. विमान तीन-चार आठवडे उभं राहिलं की त्यावरचं तेल ओघळून जातं आणि दमट हवेत कॅमच्या पृष्ठभागावर गंज चढतो. पुढच्या स्टार्टला तो गंज घासून खड्डे पडतात, लोखंडी कण तेलात येतात, आणि दोनशे तासांत इंजिन उघडावं लागतं. कमी तास झालेलं इंजिन म्हणून जाहिरातीत कौतुक असतं. दहा वर्षांत दोनशे तास झालेल्या इंजिनापेक्षा तीन वर्षांत हजार तास झालेलं मी पसंत करेन. जमिनीवर पाच मिनिटं इंजिन फिरवून हा प्रश्न सुटत नाही, उलट वाढतो, कारण तेल तापत नाही आणि जळणातलं पाणी आतच राहतं. महिन्यातून दोनदा, तेल नीट तापेल असं पाऊण-एक तासाचं उड्डाण हवं. पावसाळ्यात ते जमणार नसेल तर जूनच्या आधी इंजिन प्रिझर्व्हेटिव्ह तेलाने बंद करून, सिलिंडरमध्ये डेसिकंट (ओल शोषणारे) प्लग लावून ठेवा. जुहू समुद्राला लागून आहे, म्हणून पंखांच्या आत, पोटाखाली आणि कंट्रोलच्या तारांवर दरवर्षी गंजरोधक फवारा. उघड्यावर ताडपत्री घालून पावसाळा काढण्याची कल्पना मनातही आणू नका. आच्छादनाखाली ओल कोंडते आणि रंगाखालून गंज धावतो.

हे सगळं मांडून माझा सल्ला असा. पहिलं वर्ष विकत घेऊ नका. फ्लाइंग क्लबशी ब्लॉक अवर्सचा (ठरावीक तास एकत्र घेण्याचा) करार करा, ५० तास उडा, त्यातले किमान १५ इन्स्ट्रक्टर शेजारी बसवून घाटमार्गावर. किती फेऱ्या ठरवल्या आणि किती झाल्या याची वही ठेवा. वर्षाअखेर ठरवलेल्यांपैकी निम्म्याहून कमी झाल्या असतील तर उत्तर मिळालेलं आहे.

निम्म्याहून जास्त झाल्या असतील, तर विमान मुंबईत ठेवण्याऐवजी कोल्हापूरला ठेवता येईल का, हे गंभीरपणे तपासा. समुद्राची खारी हवा नाही, शेड मिळण्याची शक्यता जास्त, आणि तुम्ही रात्रीच्या गाडीने तिथे पोचताच. मग विमानाचं काम बदलतं: बेळगाव ५० नॉटिकल मैल, हुबळी ९०, छत्रपती संभाजीनगर दोनशेच्या आसपास. ग्राहकांकडे जाऊन त्याच दिवशी कारखान्यात परत. या मार्गांवर जुहूचं थांबणं नाही, सांताक्रूझची रहदारी नाही. दोन-तीन उद्योजक मिळून घेतलं तर स्थिर खर्च वाटला जातो आणि विमान जास्त उडतं, म्हणजे इंजिनही निरोगी राहतं. भागीदारीचा करार वकिलाकडून लिहून घ्या: किमान किती अनुभव झाल्यावर एकट्याने उडवायचं, विम्याची वजावट कोण भरणार, बाहेर पडणाऱ्याचा हिस्सा कोणत्या किमतीने घ्यायचा, आणि प्रोपेलर जमिनीला लागला तर इंजिन उघडण्याचा खर्च कोणाचा.

ताबा ऑक्टोबरात घ्या. मे महिन्यात घेतलेलं विमान पहिले चार महिने उभंच राहतं, विमा आणि एआरसीची मुदत मात्र चालू होते.